गारंबीचं मूळ कुणाच्या हद्दीत

कोंडाजी आणि मुरारी हे दोघे सख्खे भाऊ ओटीवर एकमेकांपासून चार हातांवर बसले होते आणि त्यांच्या बरोबर मध्ये, उंबऱ्याला टेकून, आवडी तांदूळ निवडत होती. ही जागा तिने काही हौसेने धरलेली नव्हती. फणसाच्या भांडणाला यंदा अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून या दोन भावांना एकमेकांशी जे काही बोलायचं असे ते बहिणीच्या डोक्यावरून जात असे.

"आवडे, त्याला विचार, चहा घेणार काय," कोंडाजी म्हणाला.

"ताय, त्याला सांग, मी घेऊन आलोय," मुरारी म्हणाला.

"घेऊन आलाय," आवडी मान वर न करता म्हणाली आणि तिने एक खडा अंगणात भिरकावला.

स्वयंपाकघरातून सोनाबाईने, म्हणजे कोंडाजीच्या बायकोने, तरीही दोन कप बाहेर पाठवले. मुरारीने कप उचलला आणि फुंकर मारून पिऊन टाकला. घेऊन आलोय म्हणालेला माणूस दुसरा चहा पिऊ शकत नाही असं थोडंच आहे!

खरं तर मुरारी या ओटीवर पाय ठेवत नसे. दर वर्षी जत्रेला तो मुंबईहून कुडपणला यायचा, आपल्या वाट्याच्या पलीकडच्या घरात उतरायचा, पालखीला खांदा द्यायचा आणि परत जायचा. यंदा जत्रा परवाच झाली. पण आज महाडच्या कॉलेजातल्या साक्षी मॅडम येणार होत्या, खोंड्यातली गारंबीची वेल बघायला, आणि बाईंसमोर एकटा कोंडाजीच मालक म्हणून मिरवला तर? म्हणून मुरारी सकाळी आठलाच इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला होता. कोंडाजीनेही शर्ट बदलला होता. दोघांच्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती.

साडेनवाला साक्षी मॅडमची स्कूटी अंगणात आली. पंचविशी-सव्विशीची चटपटीत मुलगी, पाठीवर पिशवी, हातात मापाचा पट्टा. ओटीवर बसल्या बसल्या तिने सांगायला सुरुवात केली.

"महाड-पोलादपूर तालुक्यांतली आगळीवेगळी झाडं आम्ही नोंदवतोय. कुठलं झाड, कुठं उभं आहे, केवढं आहे, लोक त्याच्याबद्दल काय सांगतात, सगळं. बिरवाडीकडे एक आंबा मिळाला, त्याच्या पोकळ बुंध्यात चार माणसं उभी राहतात. कशेडीच्या अंगाला एक वड आहे, त्याने अख्खा दगड मुळ्यांनी कवटाळलाय. पण एवढी मोठी गारंबी कुणी पाहिल्याचं मला अजून कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक निघणार आहे, आणि प्रत्येक झाडापाशी पाटी लागेल. झाडाचं नाव, माप आणि मालकाचं नाव."

'मालकाचं नाव' हे शब्द उच्चारल्याबरोबर दोन्ही शर्ट सरळ झाले.

"लिहून घ्या," कोंडाजी म्हणाला. "कोंडाजी येसाजी उतेकर. वेल माझ्या बेहड्यावर चढलेली हाय. बेहडा माझा, त्याच्यावरची वेल माझी."

"ताय, त्याला सांग, मांजर शेजाऱ्याच्या कौलावर चढलं म्हणून शेजाऱ्याचं होत नाय," मुरारी म्हणाला. "बुंधा माझ्या हद्दीत हाय. मॅडम, मुरारी लिवा. मु ऱ्हस्व."

साक्षी मॅडमने एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे, आणि मग मध्ये बसलेल्या आवडीकडे पाहिलं.

"आधी बघून तर या," आवडी म्हणाली. "ती काय पळून जात नाय."

*

खोंडा म्हणजे पठाराच्या कडेला डोंगराने पोटात घेतलेली घळ. वर पठारावर माणूस उडून जाईल असा वारा असतो, आणि वीस पावलं खाली उतरलं की पान हलत नाही. तिथे जांभळी आहेत, अंजनी आहेत, हिरडे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर कोंडाजीचा बेहडा आहे. या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवल्यासारखी ती वेल.

वेल म्हणायला जीभ जरा अडखळतेच. माणसाच्या कंबरेएवढं जाड, पीळ घातलेलं, काळपट खोड जमिनीवरून अजगरासारखं सरपटत येतं, एका जांभळीला मिठी मारतं, तिथून खाली झोक्यासारखं लोंबतं, पुन्हा उचल खाऊन बेहड्यावर जातं आणि वर पानांत दिसेनासं होतं. तिथून उतरतात त्या शेंगा. हातभर नव्हे, चांगल्या दोन हात लांब, लाकडी तलवारीसारख्या. एका शेंगेत दहा-बारा बिया, प्रत्येक बी तळहातात मावेल एवढी, तपकिरी आणि गुळगुळीत. वाळली की वाऱ्याने शेंगेत खुळखुळतात.

उतरणारी वरात मोठी होती. पुढे सुशांत, मुरारीचा मुलगा. ठाण्यात हॉटेलात नोकरी, गुडघ्यावर फाटलेली विजार, हातात मोबाईल. मग साक्षी मॅडम, मग दोन भाऊ वाटेच्या दोन कडांनी, त्यांच्या मागे आवडी, आणि सगळ्यात शेवटी सोनाबाई. तिला यायचं कारण नव्हतं, पण घरात बसून नंतर आवडीकडून ऐकायचं म्हणजे अर्धी मजा जाते, असं तिचं मत होतं.

"अय्या!" साक्षी मॅडम थांबल्याच. मग भानावर येऊन त्यांनी पट्टा काढला.

पट्टा धरायला दोघे भाऊ एकदमच पुढे झाले. एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि मध्ये गारंबीचं खोड. अकरा वर्षांत दोघे एकाच वस्तूला हात लावून उभे असल्याचं आवडीने पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं.

"एकशे अठरा सेंटिमीटर," मॅडम वाचून म्हणाल्या. "बापरे! वेलीचा घेर आहे हा! वय किती असेल सांगता येत नाही, पण तुमच्या पणजोबांनी नक्की पाहिली असेल."

"माझ्या पणज्यानं," कोंडाजी म्हणाला.

"ताय, त्याला सांग, पणजा एकच होता," मुरारी म्हणाला.

मॅडमनी फोटो काढले. दोघांचे वेगवेगळे, खोडाला हात लावून. मग त्या एका दगडावर बसल्या आणि पिशवीतून कागद काढला.

"आता एवढं एक लिहून द्यायचंय. साधंच आहे. मालकाने लिहून द्यायचं की ही वेल आणि तिला आधार देणारी झाडं मी तोडणार नाही, तोडू देणार नाही. आणि भोवती पंधरा मीटरमध्ये खोदकाम नाही, रस्ता नाही. कोण सही करतंय?"

दोन्ही भाऊ खोडापासून एकेक पाऊल मागे सरकले.

आवडीला दोन्हीकडचं ठाऊक होतं. दोन्हीकडचे निरोप तिच्यामार्गे जात असल्यामुळे न पाठवलेले निरोपही तिच्या कानांवर पडत. सुशांतला कड्यावर मुंबईच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या. जीप तिथवर जायला रस्ता हवा होता आणि तो खोंड्यातूनच काढायचा त्याचा बेत होता. आणि कोंडाजीने गेल्याच महिन्यात चिपळूणच्या एका लाकूडवाल्याला बेहडा आणि दोन जांभळी दाखवून ठेवल्या होत्या. लाकूडवाला म्हणाला होता, आधी वेल तोडा, नाहीतर एक झाड पाडताना चार ओढून खाली येतील.

"म्हणजे आता असं हाय," मुरारी घसा साफ करत म्हणाला, "की बुंधा जरी इकडं दिसत असला, तरी वेल सगळी बेहड्यावरच. खरं बघाल तर दादाचीच म्हणायची. थोरला हाय तो."

"नाय नाय," कोंडाजी घाईने म्हणाला. "बेहड्यानं काय केलं? बिचारा उभा हाय. जिथं बुंधा तिथं मालकी. आवडे, त्याला सांग, माझा काय एक हक्क नाय तिच्यावर."

"अरे, आत्ता तर फोटो काढलात!" सोनाबाई मागून ओरडली.

"फोटो काय, कुणीपण काढतं," कोंडाजी म्हणाला.

साक्षी मॅडम कागद धरून बसल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी दोघांत भांडण होतं ते वेल माझी म्हणून. आता तेच भांडण, तेवढ्याच जोराने, वेल तुझी म्हणून चाललं होतं.

"मॅडम, मूळ शोधा," आवडी म्हणाली. "हे दिसतंय ते मूळ नाय. ही इथं नुसती वाकून जमिनीला टेकलीय."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"तुला काय माहीत?" कोंडाजीने विचारलं.

"पोरपणी तुम्ही दोघं मला इथं सोडून करवंदं खायला जायचात. मी हिच्यावर चालत बसायची. खाली त्या कातळापर्यंत जाते ती."

मॅडम उठून वाकल्या, पालापाचोळा हाताने बाजूला केला, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. इथे फक्त उपमुळं फुटलीत. खरं मूळ खाली आहे."

मग ती सगळी वरात पालापाचोळ्यात वाकून वेलीच्या मागे निघाली. खोड कधी मातीत गाडलं जाई, कधी दगडामागून पुन्हा वर येई. सुशांत पुढे राहून "इकडे, इकडे!" ओरडत होता. मुरारीची हद्द संपल्याचा दगड आला तेव्हा मुरारीने टोपी काढून कपाळ पुसलं. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की जणू बाजारात हरवलेलं पोर सापडलं. पुढे कोंडाजीच्या हद्दीचा दगड होता, आणि कोंडाजी त्याच्याकडे साप दिसल्यासारखा बघत होता.

पण वेल तिथवर पोहोचलीच नाही. दोन दगडांच्या मध्ये, कातळाच्या एका भेगेतून, मनगटाएवढ्यापासून मांडीएवढ्या जाड मुळ्यांचा गुंता बाहेर आला होता. खाली त्याच कातळातून पाणी झिरपत होतं. वाडीच्या झऱ्याचं पाणी.

"ही पट्टी कुणाची?" मॅडमनी विचारलं.

कोंडाजीने मुरारीकडे पाहिलं. मुरारीने कोंडाजीकडे पाहिलं. वाटप करताना दोघांनी आपापले दगड रोवले होते. त्या दगडांच्या मध्ये वीस पावलांचा कातळ उरलाय हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी कातळ कोण मागणार?

"सिंपल आहे," सुशांत म्हणाला. "सातबारा बघू. फक्त नेटवर्क पाहिजे."

नेटवर्क खोंड्यात नव्हतं. सुशांत वरच्या एका धोंड्यावर चढला, मोबाईल आभाळाकडे धरला, एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्यावर. खाली पाच माणसं मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

"आला! आला! गट नंबर... पोटखराब, म्हणजे पडीक, चार गुंठे. नावं..." तो थांबला. "कोंडाजी येसाजी, मुरारी येसाजी... आणि आवडी येसाजी."

"काय?" कोंडाजी म्हणाला.

"आत्याचं नाव आहे! हक्कसोड झाली त्यात हा नंबरच नव्हता."

आवडी मुळ्यांवर टेकून उभी होती, ती तशीच राहिली.

ती हक्कसोड तिला नीट आठवत होती. पोलादपूरच्या कचेरीत दोन्ही भावांनी तिला रिक्षातून नेलं होतं. आत जाताना मुरारी म्हणाला होता, ताय, इथं सही. कोंडाजी म्हणाला होता, इथं पण. आणि तिने केली होती. वाचायला येत होतं, सातवीपर्यंत शिकलेली होती, पण वाचू द्या म्हणायचं तिला सुचलं नव्हतं. नवरा बिरवाडीला कारखान्यात असताना वारला, तेव्हा एकोणतिसाव्या वर्षी ती भावांकडे परत आली होती, आणि आधार घेतलेल्या माणसाने कागद वाचत बसायचं नसतं असं तिला तेव्हा वाटायचं. आता ती एकसष्टची होती.

"म्हणजे मी मालक हाय?" तिने विचारलं.

"तीनपैकी एक," सुशांत वरून ओरडला.

साक्षी मॅडमनी कागद आवडीपुढे धरला. "मग तुम्ही करता का सही, आत्या? एका मालकाची असली तरी नोंद होते."

आणि इथे ती गोष्ट घडली जी अकरा वर्षांत कोणत्याही नवसाने, कोणत्याही पाहुण्याने, कोणत्याही लग्नकार्याने घडली नव्हती.

"मुरारी," कोंडाजी म्हणाला. थेट. "जरा इकडं ये."

"आलो, दादा," मुरारी म्हणाला.

दोघे जांभळीच्या आडोशाला गेले आणि डोकं डोक्याला लावून कुजबुजू लागले. सोनाबाईने तोंडावर हात ठेवला.

"वन्सं! बोलतायत गो!"

"बोलतायत खरं," आवडी म्हणाली. "माझ्या विरुद्ध."

थोड्या वेळाने दोघे खांद्याला खांदा लावून परत आले. बोलायचं काम कोंडाजीकडे आलं होतं.

"आवडे, तुला कागदाबिगदातलं कळत नाय. घाई करू नको. मी आन् मुरारी बघतो काय ते."

"दादा बोलतो ते बरोबर हाय, ताय," मुरारी म्हणाला. "आपलं घरातलं घरात ठरवू. मॅडम काय, परत येतील दिवाळीत."

"दिवाळीपर्यंत वेल असेल काय?" आवडीने विचारलं.

कोंडाजी बेहड्याकडे बघू लागला, मुरारी वरच्या कड्याकडे.

"दादा, तुझा लाकूडवाला येत्या शुक्रवारी येणार हाय. मला म्हायती हाय. आन् मुरारी, तुझा जेसीबीवाला पाऊस सुरू व्हायच्या आत खोंडा फोडतो म्हणालाय. तेपण म्हायती हाय."

"लाकूडवाला?" मुरारी गर्रकन वळला. "दादा, तू बेहडा विकतोयस?"

"जेसीबी?" कोंडाजी म्हणाला. "माझ्या बेहड्याखालून?"

"फणसासारखाच! विचारायचं नाय, सांगायचं नाय, सरळ कुऱ्हाड!"

"फणस माझ्या बांधावर होता!"

"आर्धा!"

दोघेही मोठमोठ्याने, थेट एकमेकांच्या तोंडावर भांडत होते, आणि आवडीच्या मनात आलं, की हे काही वाईट नाही. निदान आपल्या कानांतून तरी जात नाही.

भांडण फणसापासून निघून मुरारीच्या लग्नातल्या रुसव्यापर्यंत पोहोचलं तेव्हा तिने हात वर केला.

"झालं? आता माझं ऐका. दोघं बसा."

कोंडाजी बसला नाही, पण टेकला. मुरारी मात्र खाली बसलाच.

"त्या आषाढात आठवतंय ना? तीन दिवस पाऊस कोसळला, पोलादपूरकडं दरडी आल्या. इथून पलीकडचा उतार, तो वाडीतल्या धोंडूच्या शेताच्या वरचा, झाडं तोडून मोकळा केलेला, तो एका सकाळी खाली गेला. नाचणीचं शेत, गुरांचा गोठा, सगळं. हा खोंडा गेला का? नाय गेला. हे मूळ बघा. हे कातळाला धरून हाय, आन् कातळाखाली झरा हाय. वाडी पाणी कुठलं पिते?"

कोंडाजी मुळ्यांकडे बघत राहिला. झरा त्याच्या बापाने, येसाजीने, दगड लावून बांधून काढला होता. तेव्हा दगड उचलायला तो आणि मुरारी दोघेही होते.

"पण आत्या, माझ्या खोल्या?" सुशांत धोंड्यावरून उतरत म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी नोकरी सोडायची तयारी केलीय. इथं राहायचंय मला. रस्त्याशिवाय गेस्ट येणार कसे?"

आवडीला त्याचं हे बोलणं लागलं. घरातलं एक तरुण माणूस कुडपणला परत यायचं म्हणतंय, आणि ते म्हणताना त्याचे कान लाल झालेत.

"रस्ता दुसरीकडून काढ. दादाच्या वरच्या बांधावरून."

"माझ्या बांधावरून?" कोंडाजी म्हणाला. "आवडे, त्याला सांग, मी मेलो तरी..."

"मी कुणाला काय सांगायची नाय," आवडी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सोनाबाईनेसुद्धा पदर सोडून तिच्याकडे पाहिलं. "आजपास्नं बंद. तिघं मालक हाय, तर तिघांनी आपापल्या तोंडानं बोलायचं. मुरारी, तुला वाट पायजे ना? मंग तुझ्या दादाला तू विचार."

मुरारीने टोपी हातात घेतली, तिची घडी केली, उलगडली. पासष्टीच्या भावाला वाट मागायची ही गोष्ट खोंडा फोडण्यापेक्षा अवघड होती. सुशांत बापाकडे बघत होता. साक्षी मॅडम नम्रपणे दुसरीकडे, एका शेंगेकडे बघत होत्या.

"दादा," मुरारी अखेर म्हणाला, "पोराला वाट देशील काय?"

कोंडाजीने बेहड्याकडे वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग शर्टाची कॉलर नीट केली. त्याचं अडलं होतं कुठे ते सोनाबाईला बरोबर कळलं होतं. बेहडा त्याला हौसेने विकायचा नव्हता. घराचं मागचं छप्पर गेल्या पावसात गळालं होतं आणि भावाकडे मागायचं नव्हतं.

"सुशांत," सोनाबाई म्हणाली, "तुझ्या त्या पाहुण्यांना जेवायला कोण घालणार रे?"

"अजून ठरलं नाही, मोठी काकी."

"ठरलं. मी. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, करवंदाचं लोणचं. मुंबईची माणसं बोटं चाटत बसतील. आन् एवढं सगळं मी गळक्या छपराखाली करायची नाय. आधी छप्पर, मंग भाकरी."

"काकी, तुमचं छप्पर मी करून देतो! पहिलं तेच काम!"

"मंग वाट दिली," सोनाबाई म्हणाली.

"अगो, वाट माझी हाय!" कोंडाजी कळवळून म्हणाला.

"मंग द्या की!"

आवडीला आता हसू लपवता आलं नाही. मुरारीही हसला. कोंडाजी मात्र हसला नाही. थोरल्याने हसायचं नसतं, पण त्याच्या मिशीचं एक टोक हललं.

"देतो," तो म्हणाला. "पण बांधावरचा आंबा वाचवून वळण घ्यायचं. आन् वळण कुठं घ्यायचं ते मी दाखवणार."

"मी हायवेचं काम केलंय, मला कळतं वळण," मुरारी म्हणाला.

"तू काम केलंस ते कारकुनाचं!"

साक्षी मॅडमनी तेवढ्यात संधी साधून कागद पुन्हा पुढे केला. आवडीने तो घेतला. वाचू लागली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, सावकाश. वाचताना एका शब्दावर अडली तेव्हा तिने त्याचा अर्थ विचारला. कोणीही घाई केली नाही. मग तिने पेन मागून घेतलं आणि लिहिलं, आवडी येसाजी उतेकर. सही जरा मोठी आली.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "पाटीवर तुमचं नाव."

"एकटीचं?" कोंडाजीने विचारलं.

"सही एकट्यांचीच आहे ना."

"दाखवा तो कागद," कोंडाजी म्हणाला आणि आवडीच्या हातातून त्याने पेन घेतलं. लिहिताना त्याने नाव बहिणीच्या नावाच्या वर बसवायचा एक प्रयत्न करून पाहिला, पण वर जागा नव्हती. मुरारीने तिसरी सही केली आणि 'मु' मुद्दाम मोठा काढला.

मग दोघे भाऊ सुशांतला आणि सोनाबाईला घेऊन बांध बघायला वर गेले. "इथून!" "इथून नाय, तिथून!" असे त्यांचे आवाज झाडांतून खाली येत राहिले. वर पठारावर पोहोचल्यावर वाऱ्याने ते पुसून टाकले.

खोंड्यात आवडी आणि साक्षी मॅडम दोघीच उरल्या. मॅडम वेलीच्या एका झोक्यावर बसल्या, आवडी मुळ्यांवर.

"शेवटचा रकाना राहिलाय, आत्या," मॅडम म्हणाल्या. "स्थानिक माहिती. लोक या वेलीचं काय करतात, काय सांगतात, ते तुमच्या शब्दांत. दोन ओळी चालतील."

आवडीने जरा विचार केला. मग सांगायला लागली. बी उगाळून बाळंतिणीच्या कंबरेला लावतात ते सांगितलं. बिया कुटून केस धुतले की कसा फेस येतो ते सांगितलं. तिची आई रंगूबाई एक बी कापडात बांधून तांदळाच्या कणगीत ठेवायची, का ते कुणी विचारलं नाही. पुराच्या पाण्याबरोबर बिया सावित्रीत जातात, आणि एकदा तिने महाडच्या घाटावर एक सापडलेली पाहिली, ती इथलीच असणार. कोणत्या झोक्यावर बसून ती पहिल्यांदा पडली, कोणत्या झोक्यावर मुरारी रडला, कोणत्या साली वेलीला एकही शेंग लागली नाही आणि म्हाताऱ्या माणसांनी त्याचा काय अर्थ काढला.

मॅडम लिहीत होत्या. दोन ओळींचा रकाना भरला, मग समास भरला, मग त्यांनी कागद उलटा केला. ऊन बेहड्याच्या पानांतून सरकत मुळ्यांवर आलं. आवडी सांगत होती, आणि मध्येच थांबून म्हणत होती, "नाय, ते तसं नाय, खोडा, नीट सांगते," आणि मॅडम खोडत होत्या.

"आत्या," अखेर मॅडम म्हणाल्या, "कागद संपला."

"मंग दुसरा काढ," आवडी म्हणाली. "आता कुठं माझं लगीन ठरतंय."